बांतेय छमारची चोरीला गेलेली भिंत मंदिरात परत न्यावी का?

वाटसरू
बांतेय छमार हे कंबोडियाच्या वायव्य कोपऱ्यातलं, थायलंडच्या सरहद्दीजवळचं, ख्मेर राजा जयवर्मन सातव्याच्या काळातलं भव्य बौद्ध मंदिर. आज त्याचा बराचसा भाग दगडांच्या राशीत पडलाय. पश्चिमेच्या भिंतीवर अनेक हातांचे 8 अवलोकितेश्वर (करुणेचे बोधिसत्त्व) कोरलेले होते. 1998 मध्ये चोरांनी या भिंतीचा मोठा भाग दगड सुटे करून पळवला. जानेवारी 1999 मध्ये थायलंडमध्ये एका ट्रकवर 117 दगड पकडले गेले. ते कंबोडियाला परत मिळाले आणि त्यांतून जुळवलेली भिंत नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवली आहे.

माझ्या मते ती मूळ जागी गेली पाहिजे. जागेवर आता 2च अवलोकितेश्वर उरलेत आणि बाजूला भगदाड. ही शिल्पं भिंतीच्या कडेने चालत, ओळीने बघायची आहेत. संग्रहालयात तुकडा दिसतो, ओळ दिसत नाही.

पाषाण
ठाम विरोध. या भिंतीपुढे ओवरी होती, तिचं छत पडलंय. ख्मेर कारागीर खरी कमान बांधत नसत. दोन्ही बाजूंचे थर थोडे थोडे पुढे काढत माथ्यावर मिळवत, तेही चुन्याशिवाय. पाया बहुधा दाबलेल्या वाळूचा. पाणी मुरून वाळू सरकली की खांब कलतो आणि वरचे दगड एकापाठोपाठ एक खाली येतात. म्हणजे शिल्पांवर छप्परच नाही. मे ते ऑक्टोबर पाऊस थेट अंगावर. वालुकाश्म पाणी पितो, उन्हात सुकतो, पुन्हा पितो. शेवटी वरची पापुद्र्यासारखी चकती सुटते आणि कोरीव काम तिच्याबरोबर जातं.

लेणीप्रेमी
मग हाच न्याय जागेवरच्या 2 मूर्तींना का नाही? त्या भिजल्या तर चालतात? पत्र्याचं हलकं छप्पर, भिंतीला न टेकवता स्वतंत्र खांबांवर, हा उपाय आहे. छप्पर घालायचंच तर सगळ्या भिंतीवर घाला, मग परत आणण्याला हरकत उरत नाही.

पाषाण
छप्पर हवंच, आधी तेच. पण पुन्हा रचणं तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही. भिंत रचून झाल्यावर शिल्प कोरलं जाई, त्यामुळे सांधे थेट आकृतीतून जातात: एका दगडावर खांदा, शेजारच्यावर कोपर. एक दगड बोटभर सरकला तरी हात तुटका दिसतो. 1 मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, 40 सेंमी उंच दगड साडेचारशे किलोच्या आसपास भरतो. आधी जमिनीवर कोरडी जुळणी, प्रत्येक दगडाला क्रमांक, मग पाया खोदून पक्का करणं, आणि मगच चढवणं. नोंदी हरवल्या की काय होतं ते अंगकोरच्या बाफुऑन मंदिरात दिसलं: सुमारे 3 लाख दगड सुटे करून ठेवलेले, 1970च्या दशकातल्या यादवीत नोंदी नष्ट झाल्या, काम पुरं व्हायला 2011 उजाडलं.

मेकाँग
इथे 3 लाख नाहीत, 117 आहेत आणि ते जुळलेलेच आहेत. बाफुऑनचा दाखला गैरलागू. खरा प्रश्न राखणीचा. तिथे रात्री कोण असतं, हे ठरल्याशिवाय मूळ दगड नेऊ नयेत, एवढ्यापुरता मी पाषाणच्या बाजूने. पण "कधीच नाही" हे मान्य नाही. गावात समितीमार्फत घरोघरी राहण्याची सोय आहे. गावाला पर्यटकांतून मिळकत होते, तर राखण करण्यात त्यांचाही फायदा आहे.

वाटसरू
राखण आधी, हे मान्य. तोवर निदान भगदाडात तंतोतंत प्रतिकृती बसवा, वेगळ्या रंगाच्या दगडात, म्हणजे कुणी फसणार नाही.

लेणीप्रेमी
प्रतिकृती चालेल, पण अखेरचा उपाय म्हणून नको. कान्हेरीच्या लेणे क्र. 41 मधला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बघताना लेणं, प्रकाश, उंची सगळं मूर्तीबरोबर असतं. तेच इथे हवं.

जाणाऱ्यांसाठी: सिसोफोन शहराहून अंतर सुमारे 60 किमी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. पश्चिमेची भिंत सकाळी सावलीत असते. दुपारी सूर्य माथ्यावरून कलला की तिरपं ऊन पडतं आणि हात न हात सुटा दिसतो. संध्याकाळी ऊन समोरून आलं की उठाव सपाट होतो. राशींवर चढू नका, दगड डुगडुगतात. हा भाग जुना सुरुंगग्रस्त आहे, त्यामुळे मंदिराबाहेर रुळलेली वाट सोडू नका.

पाषाण
राशींबद्दल आणखी एक: त्यातले बरेच दगड छताचे आणि खांबांचे आहेत. तुमच्या पायाखाली जो फुटेल, तो उद्या ओवरी उभारताना लागणारा असेल.