मदत हवी आहे: दलदलीतून सायकल न्यायची की पायीच जायचं?

मंडळी, दोन दिवसांचा रस्ता आखतोय. आधी नदीकाठाने सायकल, मग जंगलातली पायवाट, शेवटी पाणथळ पट्टा. पहिल्या दोन टप्प्यांची चिंता नाही. घोडं अडलंय ते दलदलीपाशी.

मागच्या वेळी नकाशावर ठळक तुटक रेघ होती, म्हणून बिनधास्त घुसलो. वीसेक पावलांत पुढचं चाक आसापर्यंत रुतलं. मडगार्ड आणि टायरच्या मध्ये चिखल असा ठासून बसला की चाक फिरेना. काडीने टोकरत बसलो, वर डास. दुरून मस्त हिरवंगार दिसणारं शेवाळ पाय ठेवताच खाली गेलं. गवताच्या उंच बुंध्यांवर मात्र पाय टिकत होता, हे उशिरा कळलं.

वेळेचा हिशोब मी स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथच्या, पायी चालण्यासाठीच्या १८९२ सालच्या ठोकताळ्याने करतो: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. खोऱ्यात तो बऱ्यापैकी जमतो, पण चिखलात साफ कोलमडतो. तिथे तुम्ही किती वेळ धरता?

दुसरं, माझे टायर ३५ मिलिमीटरचे आहेत. हवा कमी करून भागेल, की ४५ चे घ्यावेतच? आणि मडगार्ड काढून टाकता का? सायकल जंगलाच्या कडेला कुलूप लावून ठेवावी असंही मनात येतं, पण मग परत त्याच वाटेने यावं लागणार, आणि ते मला अगदी जिवावर येतं.

पाण्यातून सायकल खांद्यावर नेलेल्यांनी जरूर लिहा.