काकूंचा बोका आमच्याकडे असताना हरवलाय, त्यांना आत्ता सांगू का?

सई_कोथरूड:
शेजारच्या काकू-काका मुलाकडे कॅनडाला गेलेत, त्यांचा गोटू आमच्याकडे ठेवलाय. काल सिलेंडरवाला आला तेव्हा दार उघडं राहिलं आणि हा सटकला. पूर्ण घरात वाढलेला बोका आहे, नसबंदी झालीये, गळ्यात पट्टा नाही. आम्ही रात्री मेन रोडपर्यंत हाका मारत फिरलो, काहीच पत्ता नाही. काकूंचा रोज व्हिडिओ कॉल येतो. नवरा म्हणतो एवढ्या लांब त्यांच्या जिवाला घोर कशाला, सापडेलच. मला घास उतरत नाहीये. कुठे शोधू आणि त्यांना कधी सांगू?

माऊवेडी:
सई, मेन रोड सोड आधी. घरातलं मांजर बाहेर पडलं की घाबरून बहुतेक वेळा जवळच दडी मारून बसतं, आणि ओळखीची हाक ऐकली तरी ओ देत नाही, आपण पायाशी उभे असलो तरी गप्प. जिन्याखाली, मीटर रूम, डक्ट, कव्हर घातलेल्या गाड्यांच्या खाली आणि बॉनेटमधे, सगळं वाकून बघ. गच्ची पण बघ, मांजरं वरही जातात. मध्यरात्रीनंतर सामसूम झाली की चांगला टॉर्च स्वतःच्या डोळ्यांजवळ धरून फिर, अंधारात त्याचे डोळे चमकतात. दिसला तर मागे धावू नकोस प्लीज, खाली बस, मासे किंवा ओलं कॅटफूड पुढे सरकव आणि थांब.

पमा_ठाणे:
आजच सांग गं. आमची कुत्री भावाकडे असताना पळाली होती आणि मला टेन्शन नको म्हणून कोणी बोललंच नाही. पळाली याचा राग मला कधीच आला नाही, पण ती कशाला घाबरते, कुठे लपते हे फक्त मला माहीत होतं आणि मलाच कोणी विचारलं नाही, हे अजून सलतं. काकूंकडून व्हॉइस नोट मागव, मांजराला आपल्या माणसाचा आवाज कळतो.

डोंबिवलीकर:
+१. सोसायटीत भटक्या मांजरांना खायला घालणारं कोणीतरी असतंच, त्यांना फोटो दे, वॉचमनलाही. सापडल्यावर खात नसेल तर वाट बघू नका, लगेच डॉक्टरकडे न्या, उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः जाड असेल तर, लिव्हरवर येतं. आणि पकडताना चावला किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि रेबीजच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारायचं, घरचा असला तरी.

सई_कोथरूड:
सांगितलं काकूंना. खूप रडल्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत मला. म्हणाल्या तो स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवला की येतो आणि भीती वाटली की उंच चढतो. आम्ही गच्चीवर टाकीच्या मागे बघितलंच नव्हतं! रात्री तिकडेच जातोय. कोथरूडमधे कोणाकडे मांजर पकडायचा पिंजरा आहे का, एक-दोन दिवसांसाठी? मी येऊन घेऊन जाईन.