मदत हवी आहे: बाबांचा खिसा कापला गेला, चोरखिसा कुठे आणि कसा शिवावा?

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात गर्दीच्या बसमध्ये चढताना माझ्या बाबांचा (वय 71) खिसा कापला गेला. पाकीट आणि फोन, दोन्ही गेलं. घरी पँट पाहिली तर खिशाचं बटण लावलेलं तसंच, आणि खाली ब्लेडचा आडवा चिरा, पट्टी ठेवून मारावा इतका सरळ. बाबांना काहीच कळलं नाही. एवढंच आठवतं, की पुढचा माणूस पायरीवर अचानक थबकला, मागून रेटा आला आणि कुणीतरी "आजोबा, सांभाळून" म्हणत दंडाला धरलं. हे सगळे एकाच टोळीतले असावेत. एक अडवतो, दुसरा पाकीट मारतो आणि माल लगेच तिसऱ्याकडे जातो, मग झडती घेऊनही काही सापडत नाही.

तक्रार केली, कार्डं बंद केली. सिम बंद व्हायला मात्र दोन तास गेले. फोनला लॉक होता म्हणून मी निर्धास्त होते, पण सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी तिकडेच जाणार, हे तेव्हा सुचलंच नाही! आता नव्या सिमलाही पिन लावलाय (तीनदा चुकला की सिम पुन्हा उघडायला पीयूके नावाचा कोड लागतो, तो वहीत लिहिलाय). नव्या फोनचा 15 अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांकसुद्धा *#06# दाबून त्याच वहीत उतरवलाय.

आता अडचण अशी. हर्नियाच्या ऑपरेशनमुळे बाबांना कमरेचा पाउच सहन होत नाही. गळ्यातली पिशवी शर्टातून उठून दिसते. म्हणून पँटला आतून चोरखिसा शिवायचा विचार आहे. कुणी शिवून घेतलाय का? चेन बरी की बटण? बसल्यावर फोन टोचतो का?

दुसरं, गर्दीत ते सारखे खिसा चाचपतात. त्यातून पैसे कुठे आहेत ते बघणाऱ्याला आयतंच कळतं. सांगून पाहिलं, पण हात आपोआप जातो. ही सवय कशी मोडावी?

आणि मला सगळ्यात जास्त टोचतंय ते हे, की "मीच बावळट" असं म्हणत ते घरात बसून आहेत. वाचनालयाच्या पुस्तकांची तारीख उलटून गेली तरी उठले नाहीत. मी सोबत येते म्हटलं तर "नको" म्हणाले. तुमच्या घरी असं झालं असेल, तर त्यांना पुन्हा बाहेर कसं काढलंत, तेवढं नक्की सांगा.