विषय: विद्यार्थी निधी आणि पुरानंतरची मदत

प्रेषक: खजिनदार, कार्यकारिणी

सस्नेह नमस्कार.

आपल्या निधीतून दिवाळीत गुणवत्तेनुसार शिष्यवृत्ती दिली जाते. विदर्भातील पूरग्रस्त विद्यार्थ्यांसाठी यंदापासून तीत दोन शिष्यवृत्त्यांची भर घालावी, असा प्रस्ताव आहे. ताई, आपण नागपुरात अनेक वर्षे महाविद्यालयात शिकवले आहे. आपले मत कळवावे.

प्रत्युत्तर: नागपूरहून

खजिनदारसाहेब आणि सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

प्रस्ताव चांगल्या हेतूने मांडला आहे, तरी तो आहे तसा मंजूर करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पुरामुळे मुलांचे वर्ष वाया जाते ते पाणी ओसरल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, आणि तेव्हा अडलेली रक्कम बहुधा लहान असते.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउटपासून सीताबर्डीपर्यंत पाणी शिरले. अशा वेळी तळमजल्याच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या मुलांची पुस्तके पुन्हा घेता येतात, पण कागदपत्रांचे तसे नसते. लॅमिनेशनच्या कडेतून आत गेलेले गढूळ पाणी बाहेर पडत नाही, आणि प्लास्टिक सोडवायला जावे तर अक्षरेही त्यालाच चिकटून येतात. गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळू शकते. मात्र जातपडताळणीसाठी जपून ठेवलेला आजोबांच्या शाळेचा दाखला पुन्हा काढायचा म्हणजे गावची शाळा आणि तहसील कार्यालय यांच्या खेपा आल्या, आणि तेवढ्यात प्रवेशाची मुदत टळू शकते.

याहूनही मला काळजी वाटते ती ज्यांच्या खोलीत पाणी शिरतच नाही, त्यांची. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेच्या महापुराने भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील काठची गावे बुडाली. कोविडमुळे मुले घरीच होती, आणि त्यानंतर महिना-दीड महिन्यातच अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन झाल्या; घरात चिखल, वीज बेभरवशाची आणि मोबाइल एकच, अशा स्थितीत त्या द्याव्या लागल्या असतील तर ते गुण कशाचे मानायचे? एरवी असा विद्यार्थी नागपुरात कोरड्या खोलीत असतो, म्हणून शहरातील पूरग्रस्तांच्या यादीत त्याचे नाव येत नाही. पण बांधीतले धान गेले की घरून येणारे पैसे थांबतात, मग मेसचे बिल थकते आणि परीक्षा अर्ज भरायचा राहतो. गुणवत्ता यादीत तो बसेलच असे नाही, कारण त्या सत्रात त्याचे गुण घसरलेले असतात.

अमेरिकेतील सभासदांना आठवत असेल, की 2005 मध्ये कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठाचे शरद सत्र रद्द झाले, तेव्हा देशभरातील विद्यापीठांनी तेथील विद्यार्थ्यांना त्या सत्रापुरते सामावून घेतले. आपल्याकडे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समुळे, म्हणजे विद्यार्थ्यांनी मिळवलेल्या श्रेयांकांच्या डिजिटल नोंदीमुळे, एका संस्थेतील श्रेयांक दुसरीकडे नेण्याची व्यवस्था आता कागदावर आहे. परंतु घरची आवक थांबलेल्या मुलाला दुसऱ्या गावी राहण्याचा खर्च कोण देणार?

म्हणून दोन शिष्यवृत्त्यांची रक्कम स्वतंत्र ठेवावी, गुणांची अट काढावी, महाविद्यालयातील एका प्राध्यापकाच्या शिफारशीवर आठवडाभरात निर्णय घ्यावा आणि पैसे थेट महाविद्यालयाकडे किंवा मेसचालकाकडे भरावेत. अर्जाचा मसुदा मी येत्या बैठकीपूर्वी पाठवते. त्यात उत्पन्नाचा दाखला सक्तीचा करू नये, एवढे आताच सांगून ठेवते, कारण भिजलेल्या कागदांत तोही असतो.

आपली,
नागपूरची ताई