शब्दचर्चा: मिथ्रासच्या देवळाला ‘लेणे’ म्हणावे का?

प्रश्न : रोमन साम्राज्यातल्या मिथ्रास या देवाच्या पंथावर लेख लिहिते आहे. त्यांच्या देवळांना ‘मिथ्रेअम’ म्हणतात. मराठीत ‘लेणे’ चालेल? आणि आतल्या बैल मारण्याच्या शिल्पाला ‘वृषभमर्दन’?

उत्तर १ : लेणे नको. लेणे म्हटले की डोंगरात कोरलेली वास्तू डोळ्यांपुढे येते. मिथ्रासची बहुतेक देवळे बांधलेली आहेत. लंडनला वॉलब्रुकपाशी १९५४ साली सापडलेले देऊळ भिंती रचून उभारलेले होते. रोमला सान क्लेमेंते चर्चच्या तळाशी आहे ती कमानदार छताची खोली. अरुंद, काळोखी जागा, दोन्ही अंगांना लांब ओटे, त्यांवर रेलून पंथीयांचे सहभोजन चाले, आणि टोकाला शिल्प. तरी भक्त तिला ‘स्पेलेउम’, म्हणजे गुहाच, म्हणत. ‘मिथ्रेअम’ हे नाव अभ्यासकांनी पुढे दिले. प्राचीन तत्त्वज्ञ पॉर्फिरी सांगतो की ती गुहा म्हणजे विश्वाची प्रतिमा. इटलीतल्या कापुआच्या देवळात छतावर तारे रंगवलेले आहेत, ते त्यामुळेच. म्हणून ‘गुहामंदिर’ लिहा. ‘भुयार’ लिहिलेत तर वाचक पळवाट शोधू लागेल.

उत्तर २ : ‘मर्दन’ तर मुळीच नको. महिषासुरमर्दिनीत रेडा शत्रू असतो. इथला बैल कोणाचा वैरी नाही. उठावशिल्प नीट पाहा : मिथ्रास बैलाच्या पाठीवर गुडघा रोवतो, नाकपुड्या धरून डोके मागे खेचतो, खंजीर खुपसतो आणि बहुतेक शिल्पांत स्वतःचे तोंड फिरवून घेतो. कुत्रा नि साप रक्ताकडे झेपावतात, विंचू वृषणांना डसतो. आणि शेपटीच्या टोकाला गव्हाच्या ओंब्या! ब्रिटिश म्युझियममधल्या एका मूर्तीत तर जखमेतूनच ओंब्या फुटल्या आहेत. दोन बाजूंना मशालधारी, कौतेस मशाल वर धरून, कौतोपातेस खाली धरून. मरणातून धान्य उगवते असे दाखवणाऱ्या दृश्याला ‘वृषभबली’ शोभेल. ‘वृषभमेध’ही सुचतो, पण त्याने वैदिक यज्ञाचा भास होईल.

प्रश्नकर्ती : बली पटले. मग देवाला सरळ ‘मित्र’च म्हणू का? ऋग्वेदातला मित्र, इराणी मिथ्र, एकच ना?

उत्तर १ : मूळ नाव एकच. फारसीत त्याचेच ‘मेहेर’ झाले. आपले ‘मेहेरबान’ तिथूनच आले, आणि पारशांच्या अग्निमंदिराचे ‘दर-ए-मेहेर’ हे नावही. पण पारशांच्या धर्मग्रंथातला, अवेस्तातला, मिथ्र बैल मारत नाही, वैदिक मित्रही नाही. रोमन देवाला ‘मिथ्रास’च ठेवा. नाते दाखवायचे असेल तर ‘नामा’ हा शब्द घ्या. रोमच्या सान्ता प्रिस्का चर्चखालच्या भिंतीवर पंथातल्या दीक्षेच्या सात पायऱ्यांना एकेका ग्रहाच्या छत्राखाली ‘नामा’ म्हणून वंदन केले आहे : ‘सिंह’ या पायरीला गुरूच्या, ‘पिता’ या पायरीला शनीच्या. तो शब्द इराणी आहे, आपल्या ‘नमः’चा सख्खा भाऊ.