मदत हवी आहे: क्रीटमधली घोळ आणि वडिलांचा मूतखडा

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त आम्ही ग्रीसच्या क्रीट बेटावर राहतो आणि सध्या वडीलही आमच्याकडे आले आहेत. त्यांना पूर्वी मूतखडा झाला होता. तो कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाल्यामुळे डॉक्टरांनी पालकासारख्या, ऑक्झलेट जास्त असलेल्या भाज्या बेताने खायला सांगितल्या आहेत. इथे मात्र उन्हाळाभर ग्लिस्त्रिदा, म्हणजे आपली घोळ, टोमॅटो, काकडी आणि फेटा चीजबरोबर ऑलिव्ह तेल घालून कच्चीच खातात. वडिलांना तिची आंबटसर चव मनापासून आवडते.

ही भाजी सरसकट बंद करावी असे मला वाटत नाही, कारण बहुतेक पालेभाज्यांत थोडेच असणारे ओमेगा-३ गटातले अल्फा-लिनोलेनिक आम्ल तिच्यात चांगल्या प्रमाणात असते. आर्टेमिस सिमोपूलोस आणि नॉर्मन सालेम या संशोधकांनी १९८६ मध्ये याकडे लक्ष वेधले. त्यानंतरच्या मोजणीत १०० ग्रॅम ताज्या पानांत हे आम्ल ३०० ते ४०० मिलिग्रॅम आणि जीवनसत्त्व ई सुमारे १२ मिलिग्रॅम आढळले. माशांतल्या ओमेगा-३ची जागा ते पूर्णपणे घेऊ शकत नाही, कारण शरीरात त्याचे माशांतल्या प्रकारात रूपांतर फार थोडे होते. पण वडील शाकाहारी असल्याने मला त्याचे मोल वाटते.

अडचण अशी, की त्याच पानांत ऑक्झलेटही जवळजवळ पालकाइतके असते. पाने उकळून पाणी टाकून दिले तर विद्राव्य ऑक्झलेट बरेच निघून जाते, पण जीवनसत्त्व क-ही त्याबरोबर जाते. दही घातले तर त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटशी बांधले जाते आणि ऑक्झलेट आतड्यातून कमी शोषले जाते. आपली घोळीची ताकातली भाजी या दृष्टीने शहाणपणाचीच म्हणायची. चवीवरून मात्र अंदाज बांधता येत नाही, कारण पहाटे तोडलेली घोळ अधिक आंबट लागते ती रात्रभर साठलेल्या मॅलिक आम्लामुळे, ऑक्झॅलिक आम्लामुळे नव्हे.

आहारतज्ज्ञ, मूत्ररोगाचे डॉक्टर किंवा वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक इथे असतील, तर कृपया सांगावे: मूतखडा होऊन गेलेल्या माणसाला दह्यात कालवलेली कच्ची घोळ अधूनमधून थोडी देता येईल, की ती आधी उकळून घेणेच योग्य? फेटा चीजमधले कॅल्शियम याच कामी कितपत येते? घोळीच्या बियांतही अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. ऑक्झलेटच्या बाबतीत त्या पानांपेक्षा सुरक्षित आहेत का? कोवळ्या देठांत आणि पानांत काही फरक पडतो का, हेही कळले तर निवडताना उपयोग होईल.

वडिलांना मधुमेह नाही, रक्त पातळ करणारे औषध चालू नाही आणि ते पाणी भरपूर पितात. शेवटचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच घेणार आहे. त्यांच्यापुढे नेमके कोणते प्रश्न ठेवावेत, हे सुचवलेत तरी मोठी मदत होईल.