मदत हवी आहे: डायलिसिस सांभाळून केळीच्या बागेत काम

मंडळी, आम्ही रावेर तालुक्यातले. वडिलांचं आठवड्यातून तीनदा जळगावला डायलिसिस असतं. आता त्यांना पुन्हा बागेत जायचंय आणि मलाही तेच वाटतं, घरात बसून माणूस खचतो. काल ओट्यावर बसून ठिबकच्या नळीची बुजलेली छिद्रं सुईने मोकळी करत होते. पण डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली शीर) आहे, त्या हाताने जड उचलायचं नाही, म्हणजे घड वाहणं बंदच. केळ्यात पोटॅशियम जास्त, ते किडनीच्या रुग्णाला चालत नाही, म्हणून स्वतःच्या बागेतलं केळंही वर्ज्य. खरी चिंता पाण्याची: डॉक्टरांनी मोजून प्यायला सांगितलंय आणि इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. कुणाच्या घरी डायलिसिसवर असून शेती बघणारं माणूस आहे का? उन्हात तहान कशी मारता? कोणतं काम झेपतं, आणि डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी थकवा कितपत असतो?